निळा रंग आणि लोणारचे पाणी

मराठी माणसाचे जेवणाचे ताट हा रंगांचा चांगला धडा आहे. वरणाचा पिवळा, भाताचा पांढरा, कोथिंबिरीचा हिरवा, ठेच्याचा तांबडा, काळ्या मसाल्याच्या आमटीचा तपकिरी, सणासुदीला जिलबीचा केशरी. आता यात निळा शोधून दाखवा. सापडणार नाही. जांभळे खाल्ली की जीभ निळी झाली असे आपण म्हणतो, पण तो रंग खरे तर जांभळाच असतो. म्हणून तर त्या रंगाला फळाचे नाव मिळाले. आपला कृष्ण घननीळ, शंकर नीलकंठ. देव्हाऱ्यात निळ्याला एवढा मान, पण पंगतीत त्याला पाट नाही. निसर्गाने खाता येईल असा निळा रंग फारच हात राखून दिला आहे.

नातवंडांच्या वाढदिवसाच्या केकवर मात्र हल्ली गडद निळी फुले असतात. तो निळा कारखान्यातला. गोळ्या-बिस्किटांच्या पाकिटावर बारीक अक्षरात आयएनएस १३३ असा आकडा असतो, तो याचा. नाव ब्रिलियंट ब्ल्यू. आपल्या कायद्याने ठरावीक पदार्थांत, ठरावीक प्रमाणात त्याला परवानगी आहे. पण जगाच्या बाजारात आता त्याच्या शेजारचा आकडाही दिसू लागला आहे, १३४. हा निळा एका सूक्ष्म नील-हरित शेवाळातून काढतात. शेवाळाचे नाव स्पिरुलिना. गोळ्या, आइस्क्रीम, चुइंगम यांत तो जातो आणि पापण्यांना लावायच्या रंगातही जातो.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे असे काही वाचले की मला त्यात विज्ञानाच्या आधी इतिहास दिसतो. इथे तर तो दारातच आहे. हे शेवाळ ज्या प्रकारच्या पाण्यात आपणहून वाढते तसे पाणी आमच्या छत्रपती संभाजीनगरहून गाडीने तीन-साडेतीन तासांवर आहे, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला. आणि निळ्या रंगाचा जुना इतिहासही आमच्याच जिल्ह्यापासून सांगता येतो. तो सलग सांगितला की एक गोष्ट ध्यानात येते. रंग बदलला की त्यावर पोट असणारे हात बदलतात, आणि जाणाऱ्या हातांना कोणी निरोप देत नाही.

सुरुवात अजिंठ्यापासून करू. तिथल्या चित्रांतले बहुतेक रंग मातीदगडाचे. लाल आणि पिवळा गेरूच्या जातीच्या मातीचा, पांढरा चुन्याचा आणि पांढऱ्या मातीचा, काळा काजळीचा. हिरवा हिरव्या मातीचा. ही माती आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडते. निळा मात्र इथे कुठेच नव्हता. पाचव्या शतकातल्या लेण्यांत जो निळा दिसतो तो लाजवर्द नावाचा दगड कुटून केलेला, आणि त्या दगडाची खाण अफगाणिस्तानात बदख्शानला. म्हणजे वाघूर नदीच्या काठी बसलेल्या चित्रकाराच्या हाती हिंदुकुश ओलांडून आलेली चिमूटभर भुकटी होती. ती त्याने किती जपून वापरली असेल!

या दगडाचे पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनतज्ज्ञाने पांढरी माती, सोडा आणि गंधक एकत्र भाजून तोच निळा कारखान्यात तयार केला. माझ्या पिढीच्या प्रत्येकाने तो हाताळला आहे. पांढरे सदरे आणि धोतरे धुऊन झाल्यावर बादलीत जी निळीची पुडी विरघळवत असू, ती अजिंठ्याच्या निळ्याची कारखान्यात जन्मलेली धाकटी बहीण.

पण तिला 'नीळ' हे नाव मिळाले ते दुसऱ्याच वस्तूचे. खरी नीळ म्हणजे झुडूप. त्याचा पाला हौदात भिजवायचा, आंबवायचा, ते पाणी घुसळून खाली बसलेला गाळ वाळवायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या. हा रंग झाडाचा, अस्सल नैसर्गिक. पण बंगाल-बिहारात तो रयतेच्या पाठीवर कोरडे ओढून काढला गेला. १८५९-६० मध्ये बंगालच्या शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार देऊन उठाव केला आणि १८६० मध्ये दीनबंधू मित्रांचे 'नीलदर्पण' नाटक प्रसिद्ध झाले.

वर्गात चंपारण्याचा धडा आला की मी मुलांना एक प्रश्न घालत असे. गांधीजी चंपारण्यात गेले १९१७ मध्ये. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली १८९७ मध्ये. म्हणजे झाडाची नीळ वीस वर्षे मार खात होती. मग शेतकऱ्यांची तक्रार कशाची? मुले गप्प बसत. उत्तर असे, की भाव पडल्यावर मळेवाल्यांनी आपले नुकसान कुळांच्या गळ्यात बांधले. निळीच्या सक्तीतून सुटायचे असेल तर खंड वाढवून द्या, नाहीतर एकरकमी पैसे भरा! त्यात पहिले महायुद्ध सुरू झाले, जर्मन रंग यायचा थांबला, झाडाच्या निळीला पुन्हा भाव आला आणि पुन्हा तीच पेरण्याचा आग्रह सुरू झाला. रंग चढला तरी मार कुळाला, उतरला तरी कुळालाच. एखाद्या वेष्टनावर 'नैसर्गिक रंग' असे वाचले की मला म्हणूनच लगेच भरून येत नाही.

आमच्या शहरात गुलमंडीजवळ रंगारगल्ली आहे. इथला हिमरू आणि पैठणची पैठणी यांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, पण विणकराच्या मागावर सूत चढण्याआधी ते रंगाऱ्याच्या हातून जात असे, हे आपण विसरतो. जुन्या रंगाऱ्यांचा लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांतून येई. बारतोंडी म्हणतात तेच हे. १८७० च्या सुमारास युरोपातल्या कारखान्यांत अलिझरीन हा लाल रंग बनू लागला आणि तो इकडे आल्यावर आलीची लागवड मोडत गेली. मुळे खणणारा, कुटणारा, रंग कढवणारा, सगळ्यांचा धंदा बसला. रंगारगल्लीत आज माणूस खरेदीला जातो. नाव तेवढे राहिले आहे.

आता लोणारकडे वळतो. रंगाऱ्याला रंगाइतकाच तुरटी आणि खार लागे. त्याशिवाय रंग सुताला धरत नाही. आपल्या भागात हा खार मिळण्याची एक मोठी जागा म्हणजे लोणारचे सरोवर. काळ्या पाषाणात उल्का आदळून झालेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आहे. लवणासुराचा वध इथे झाला अशी कथा आहे आणि गावात दैत्यसूदनाचे देखणे मंदिर आहे. लवणासुर म्हणजे मिठाचा असुर. पाणी चाखणाऱ्याला ती कथा लगेच पटते. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना लिहून ठेवले आहे, की इथे काच आणि साबण करायचे साहित्य मिळते. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली आणि पुढे इंग्रजांनी त्याच्या पाण्याची तपासणीही केली. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर खाराचे थर बसत. ते गोळा करणारे त्यांची प्रतवारी करत. दल्ला, पापडी अशी त्यांची नावे होती. हा खार बांगड्यांच्या काचेत जाई, साबणात जाई, कापड रंगवायला जाई आणि पापडाच्या पिठातही पडे.

मग युरोपात १८६० च्या दशकात मिठापासून स्वस्तात सोडा करण्याची सॉल्वेची पद्धत निघाली. विसाव्या शतकात आपल्याकडे सौराष्ट्रात मिठापूरला सोड्याचा कारखाना उभा राहिला. खार गोळा करणाऱ्यांची गोष्ट तिथे संपली. रंगारी गेले तसेच तेही गेले.

पण पाणी होते तिथेच होते. लोणारच्या पाण्यात विरघळलेला सोडा इतका, की मासा त्यात टिकत नाही. साधे शेवाळही तिथे तग धरत नाही, आणि म्हणूनच स्पिरुलिनाला मोकळे रान मिळते. सरोवराच्या पाण्याला जो हिरवा दाट रंग दिसतो तो या आणि याच्या भाऊबंदांचा. याच्या पेशीत तीन रंग नांदतात. हरितद्रव्याचा हिरवा, गाजरात असतो त्या जातीचा केशरी, आणि फायकोसायनिन नावाचा निळा. आफ्रिकेतल्या अशाच खाऱ्या तलावांवरचे लहान रोहित पक्षी हेच शेवाळ खाऊन जगतात आणि त्यातल्या केशरी अंशाने गुलाबी होतात.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, ते वाचकांना आठवत असेल. टाळेबंदीचे दिवस होते, त्यामुळे नाही नाही त्या अफवा उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितले, की पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे गुलाबी सूक्ष्मजीव माजले, त्यांचा हा रंग. पावसानंतर तो ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आमच्या भागातले पाणी आपोआप रंग बदलून जगाला दाखवते, आणि आपण त्याचे फोटो काढून घरी येतो.

दुसरीकडच्या लोकांनी अशा पाण्याचे काय केले? मेक्सिकोत टेक्सकोको नावाचे खारे सरोवर होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक तिथे पोचले तेव्हा अझ्टेक लोक पाण्यावरची निळसर-हिरवी साय बारीक जाळ्यांनी काढून, वाळवून, तिच्या वड्या खात. त्यांच्या भाषेत तिला तेक्विटलाट्ल म्हणत. स्पॅनिशांनी सरोवर उपसायला घेतले आणि ही चव विसरली गेली. आफ्रिकेत चाड सरोवराच्या भागातल्या बायका मात्र आजही तळ्यांवरची साय वाळूत ओतून वाळवतात आणि त्या वड्यांची आमटी करतात. त्याला दिहे म्हणतात. १९६०च्या दशकात लेओनार या बेल्जियन वनस्पतितज्ज्ञाने चाडच्या बाजारात या वड्या पाहिल्या आणि शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे गेले. गंमत म्हणजे त्याच सुमारास टेक्सकोकोच्या उरलेल्या पाण्यातून सोडा काढणाऱ्या एका कंपनीच्या हौदांत हेच शेवाळ माजून त्रास देत होते. त्रास देणारी वस्तूच विकायला काढावी असे त्यांनी ठरवले, आणि १९७०च्या दशकात तिथे स्पिरुलिनाचे मोठे उत्पादन सुरू झाले. एकच पाणी, खार काढणाऱ्यांना शेवाळ सापडले. लोणारला खार काढणारे होते, पण तो योग आला नाही.

भारतात काम झाले ते दक्षिणेत. १९७०च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत जर्मन सहकार्याने शेवाळावर प्रयोग झाले. मद्रासच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रात सी. व्ही. शेषाद्री यांनी खेड्यातल्या बायकांना करता येईल अशी स्पिरुलिनाची लागवड बसवली आणि ती कुपोषित मुलांना देऊन पाहिली. त्यांच्या डोळ्यांपुढे मूल होते, रंग नव्हता. वाळलेल्या स्पिरुलिनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, ती कामी यावीत हा विचार.

रंगाकडे पाहिले ते जपान्यांनी. दाइनिप्पॉन या मूळच्या छपाईच्या शाईच्या कंपनीने १९८०च्या सुमारास स्पिरुलिनातला निळा वेगळा काढून 'लिना ब्ल्यू' या नावाने विकायला सुरुवात केली. शाई करणाऱ्याची नजर रंगावर जावी यात नवल नाही. युरोपला या निळ्याची गरज पटायला आणखी पंचवीस वर्षे लागली. इंग्लंडात स्मार्टीज नावाच्या रंगीत गोळ्या मुलांच्या फार आवडीच्या. २००६ मध्ये नेस्ले कंपनीने त्यांतून कृत्रिम रंग काढून टाकायचे ठरवले. लाल, पिवळा, हिरवा यांना झाडापाल्याचे पर्याय मिळाले, निळ्याला मिळेना. शेवटी निळी गोळीच बंद झाली आणि तिच्या जागी पांढरी आली. २००८ मध्ये निळी गोळी परत आली, ती स्पिरुलिनाचा रंग लेवून. दरम्यान २००७ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास गाजला होता. काही कृत्रिम रंगांच्या मिश्रणाने मुलांचा चंचलपणा वाढतो असे त्यात दिसले. २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या पाकिटावर इशारा छापावा लागतो. २०१३ मध्ये अमेरिकेनेही गोळ्या आणि चुइंगममध्ये स्पिरुलिनाच्या रंगाला परवानगी दिली. आपल्याकडे २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकाने म्हातारीच्या केसांतल्या ऱ्होडामिन-बी या विषारी गुलाबी रंगावर बंदी घातली. तेव्हा जत्रेतल्या गुलाबी काड्यांकडे आईबाप पहिल्यांदाच शंकेने बघू लागले.

म्हणजे मागणी आहे. ही बातमी मराठवाड्यात पोचायला वेळ लागला नाही. ऊन भरपूर, जागा आहे, पाणी थोडेच लागते, शेततळ्यापेक्षा लहान टाकीत भागते. मग शेतीला जोडधंदा म्हणून स्पिरुलिना का नको? माझे काही जुने विद्यार्थी आज शेती करतात. त्यांच्यातल्या एकाने मला हा प्रश्न विचारला. मी त्याला जे सांगितले ते इथे लिहून ठेवतो.

शेवाळ वाढवणे फार अवघड नाही. टाकीत खाण्याचा सोडा आणि थोडी खते घालून पाणी खारे करायचे. प्रयोगशाळेतल्या मूळ कृतीत लिटरला सोळा-सतरा ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे हजार लिटरला सोळा-सतरा किलो. पाणी ढवळत ठेवायचे, तापमान तीस-पस्तीस अंशांच्या आसपास राखायचे. आमच्या वैशाखात सावली केलीच पाहिजे. दाट झाले की कापडातून गाळायचे, दाबून पाणी काढायचे, वाळवायचे. इथवर बचत गटातल्या बायकाही करू शकतात.

पण यातून तयार होते ती हिरवी भुकटी. निळा रंग ही पुढची पायरी, आणि पैसा त्या पायरीवर आहे. भुकटी पाण्यात भिजवली की निळा पाण्यात उतरतो, हिरवा उतरत नाही, कारण तो पाण्यात विरघळत नाही. एवढे घरच्या पेल्यातही दिसते. मात्र हा निळा फार नाजूक. पंचेचाळीस अंशांच्या वर उष्णता गेली की तो विटू लागतो, उन्हात उडतो, लिंबासारख्या आंबटात टिकत नाही. म्हणून तो जिलबीच्या पाकात चालत नाही आणि सरबतातही नाही. शेवाळ आपण उन्हात वाळवले तर निळा आपणच घालवून बसतो. शुद्धता मोजायचे एक गुणोत्तर आहे. खाण्यासाठी ते ०.७ पुरते, सौंदर्यप्रसाधनांना त्याच्या दुप्पट लागते, प्रयोगशाळेत वापरायला ३.९ च्या पुढे. त्यासाठी थंड खोली, गाळणयंत्रे, तपासणी हे सगळे हवे. शिवाय शेवाळ पाण्यातले जड धातू शोषते आणि उघड्या टाकीत दुसरे विषारी शेवाळ शिरू शकते, म्हणून तपासल्याशिवाय ते कोणाच्या पोटात जाता कामा नये.

तेव्हा मी त्याला म्हणालो, बाबा रे, टाकी बांधण्याआधी तीन गोष्टी विचार. माल कोण घेणार? भाव कोण ठरवणार? आणि भाव पडला तर नुकसान कोणाच्या अंगावर पडणार? बियाणे आणि टाकी विकणारा 'सगळा माल आम्हीच घेऊ' असे सांगतो, आणि माल तयार झाल्यावर त्याचा फोन लागत नाही, अशा हकिगती जोडधंद्यांच्या बाबतीत मी बऱ्याच ऐकल्या आहेत. ही चंपारण्याइतकी क्रूर गोष्ट नाही, पण तिची चाल तीच आहे. त्याने एकट्याने टाकी बांधण्याचा बेत तूर्त लांबणीवर टाकला आहे. पाच-दहा जण मिळून, माल तपासून घेणारी आणि थंड खोली असलेली सोसायटी काढता येईल का, याची चौकशी तो करतो आहे. मला ते बरे वाटले.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. लोणारच्या सरोवरात गोड्या पाण्याचे झरे मूळचेच आहेत, पण गावाचे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारे पाणीही त्यात मिसळते, ही तक्रार जुनी आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे त्यावर वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या. पाणी जितके गोडे होईल तितके ते साध्या शेवाळाचे आणि साध्या किड्यांचे होईल, आणि खाऱ्या पाण्याची ही हजारो वर्षांची वस्ती मोडेल. आपण टाक्यांत किलोकिलोने सोडा ओतून जे पाणी बनवायची धडपड करतो, ते तयार पाणी तिथे आहे, आणि त्यात आपण गटार सोडतो. रंगारी गेले, आल गेली, खार गोळा करणारे गेले. त्यांच्या जागी निदान दुसरे कोणीतरी आले. लोणारचे पाणी बिघडले तर त्याच्या जागी यायला दुसरे लोणार नाही. सहलीला मुलांना तिथे नेणाऱ्या शिक्षकांनी दैत्यसूदनाच्या मंदिराइतकाच वेळ त्या हिरव्या पाण्याच्या काठावरही द्यावा, एवढेच सांगायचे होते.